दुधिवरे खिंडीतली डोलकाठी

मला पोहता येत नाही. धरणाच्या काठावर जन्म गेला, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही. तरी पवना धरणावरच्या शिडाच्या होड्यांचं बरंचसं लोखंडकाम माझ्या हातचं आहे, असं सांगितलं की लोक हसतात. या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या धंद्यातलं काही लिहा, गिऱ्हाइकांच्या तऱ्हा वगैरे." तऱ्हा खूप पाहिल्या. एका बंगलेवाल्याने गेटवर आपल्या कुत्र्याचं तोंड पत्र्यात कापून मागितलं. मी दोन दिवस खपून कापलं, तर म्हणाला, "हा शेजाऱ्यांचा वाटतोय." असं आणखीही सांगता येईल. पण कागद समोर घेतला की मला श्रावणातली एक रविवारची सकाळ आठवते आणि दुसरं काही सुचत नाही. तेव्हा तीच लिहितो.

पवनानगरच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पडेल ते काम. धरणाच्या काठी बंगले आणि तंबू वाढले तशा दहा-बारा शिडाच्या होड्याही आल्या. त्यातली पहिली बापट सरांची. सर तळेगावला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी होडी विकत घेतली आणि तिच्या ट्रेलरची मोडलेली चौकट घेऊन माझ्याकडे आले. या कामातलं मला जे काही कळतं ते त्यांनी शिकवलेलं.

डोलकाठी म्हणजे ज्याला शीड लावतात तो उंच खांब. अॅल्युमिनियमचा असतो, आतून पोकळ. पाण्यात उभी असते तेव्हा चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेली असते, त्यामुळे तिचा कुणाला त्रास नाही. पण होडी ट्रेलरवर घालून रस्त्याने न्यायची तर वर विजेच्या तारा, झाडं. म्हणून ती उतरवून होडीवर आडवी ठेवतात. आडवी झाली की होडीपेक्षा चार-पाच हात लांब निघते आणि मागे ट्रेलरच्या बाहेर येते. तिला तीन ठिकाणी टेकू लागतो. पुढे एक, मध्ये एक, मागे एक. मधला नसला तर प्रत्येक खड्ड्याला ती पोटात लवते आणि एक दिवस वाकते ती वाकतेच. मागच्या टेकूला आम्ही घोडी म्हणायचो. खाली दोन पाय, वर डोलकाठी बसेल अशी खोबण, खोबणीत जुन्या ट्यूबचं रबर. मग पट्ट्यांनी आवळायची, आणि दोन्ही तऱ्हेने आवळायची. डावी-उजवीकडे हलता कामा नये आणि पुढे-मागे सरकताही कामा नये. उतारावर ती पुढे, आपल्याच ड्रायव्हरच्या पाठीकडे सरकायला बघते. चढावर मागे, म्हणजे मागून जो कोणी येत असेल त्याच्याकडे.

मी पहिली घोडी केली ती गेटसारखी, नुसती भक्कम. रबर-बिबर काही नाही. लोणावळ्यापर्यंत जाऊन येईतो लोखंडाच्या धारेने डोलकाठीला खाच पडली. सरांनी खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नामदेवराव, हिला बसायला गादी लागते बरं का." रागावले नाहीत. पुढे मी सात-आठ घोड्या केल्या, आणि बाकीचे होडीवालेही "नामदेवची घोडी" असं नाव घेऊन यायला लागले. मला त्याचा अभिमान होता, नाही कशाला म्हणू?

त्या वर्षी श्रावणात सरांची होडी मुंबईला दुरुस्तीला जायची होती. धरण भरत आलं होतं, होडी ठेवायची काठावरची जागा दोन-चार दिवसांत पाण्याखाली जाणार होती. घोडीचे पाय गंजले होते म्हणून सरांनी ती माझ्याकडे टाकली. काम चार दिवसांचं नव्हे, चार तासांचं, म्हणून मी ते मागे ठेवत गेलो. शनिवार उजाडला. दिवसभर वीज येत-जात होती. छपराला गळती, आणि वेल्डिंगच्या रॉडचा पुडा नेमका तिच्याखाली. रॉडवर मसाल्याचं वेष्टण असतं, ते ओलं झालं की जोड वरून बरा दिसतो आणि आत त्याला जाळी पडते. असे रॉड तव्यावर चांगले तापवून वाळवायचे, मग वापरायचे. हे मला विसाव्या वर्षापासून ठाऊक आहे. संध्याकाळी वीज आली तेव्हा तीन जोड झाले होते, एक राहिला होता. वीज पुन्हा जाईल या धास्तीने मी रॉड न वाळवता तो शेवटचा जोड मारला. ठिणग्या फुटत होत्या, आवाज चरचर येत होता. मला कळत होतं. जोड झाला, घासला आणि वरून काळा रंग मारला.

रविवारी सकाळी होडी ट्रेलरवर चढली. ओढायला किसनभाऊंची जीप. किसनभाऊ तिकोणा पेठेचे, साठीचे, घाटात फोन घ्यायचा नाही हा त्यांचा नेम. सर त्यांच्या शेजारी बसणार होते. मी घोडी बसवली, डोलकाठी आवळली, टोकाला लाल फडकं बांधलं. त्या जोडावर हातोडीने टकटक केलं. आवाज जरा बद्द आला. सर म्हणाले, "झालं ना?"

"झालं सर," मी म्हणालो.

ट्रेलर निघाला आणि मला राहवेना. मी घरी येऊन पिकअप काढली. एका हॉटेलचं छोटं गेट तयार होतं, ते मागे टाकलं. सुमन, माझी बायको, दारातच उभी होती. तिचं माहेर लोहगडवाडीचं. भाऊ तिथे गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी देतो.

"कुटं निघालाव?"

"लोणावळ्याला. गेट द्यायचंय."

"आइतवारी?" ती म्हणाली. "मग मलाबी फाट्यापत्तर सोडा." आणि पिशवी घेऊन शेजारी येऊन बसली. तिला नको म्हणायला मला कारण सुचलं नाही.

तिकोणा पेठेच्या पुढे आम्ही ट्रेलरला गाठलं. सपाटीला सगळं ठीक होतं. डोलकाठी ट्रेलरबरोबर एकजीव हलत होती, फडकं नुसतं फडफडत होतं. मला वाटलं, उगाच घाबरलो. मग दुधिवरे खिंडीचा चढ लागला. धुकं खाली आलं होतं, रस्ता ओला, आणि रविवार म्हणून पुण्याकडच्या पोरांच्या मोटारसायकलींची रांग. दुसऱ्या वळणानंतर माझ्या ध्यानात आलं की ट्रेलर वळतो आणि डोलकाठीचं टोक जरा उशिरा वळतं. फार नाही, बोटभर. पुढच्या खड्ड्याला ते टोक वर गेलं, खाली आलं आणि खाली आल्यावर आणखी एकदा हललं. नीट बसलेली डोलकाठी दोनदा हलत नाही.

मी हॉर्न वाजवला. किसनभाऊंनी खिडकीतून हात काढून "जा पुढं" अशी खूण केली. त्यांना वाटलं, मला ओव्हरटेक करायचंय. पण समोरून गाड्या उतरत होत्या, रस्ता अरुंद, आणि एका बाजूला दरी. मी सरांना फोन लावला. रेंज नव्हती.

"काय झालंय?" सुमनने विचारलं.

"काही नाही."

"अवो, मग हॉर्न कुनासाठी वाजवताय?"

मग मी सांगितलं. रॉड ओले होते, मला माहीत होतं, वर रंग मारला, गेट हे निमित्त आहे, सगळं. पावसाचे थेंब काचेवर, वायपर इकडून तिकडे. ती एवढंच म्हणाली, "म्हंजी ती पडनार हाय?"

"पडेल. कदाचित खिंड ओलांडून जाईलही."

"आन वलांडली तर?"

ओलांडली तर उतार होता. उतारावर डोलकाठी पुढे सरकणार होती, आणि पुढे जीपमध्ये सर आणि किसनभाऊ बसले होते. हे मी तिला बोललो नाही, पण तिला समजलं असावं.

एवढ्यात एक मोटारसायकल आमच्या उजवीकडून घुसून मधे आली. मुलगा आणि मागे मुलगी. त्या दोघांच्या डोक्यापासून ते लाल फडकं चार-पाच हातांवर. मी हॉर्नवरचा हात काढेना. मुलाने मागे वळून रागाने बघितलं. सुमनने काच खाली केली आणि निम्मी बाहेर वाकली.

"ए पोरी! मागं व्हा! ती सुटलीया, मागं व्हा!"

मुलगी हसली. तिला वाटलं असेल, म्हातारी काहीतरी ओरडतेय. त्याच वेळी ट्रेलरचं चाक खड्ड्यात गेलं, लोखंड तुटल्याचा कट् असा आवाज आला आणि डोलकाठीचं टोक हातभर खाली आलं. घोडीचा डावा पाय तुटून बाहेरच्या बाजूला वाकला होता. मुलीने किंकाळी फोडली. मुलाने कशीबशी गाडी कडेला घेतली आणि आम्ही त्यांच्या पुढे गेलो.

आता मधे कोणी येऊ नये म्हणून मलाच ट्रेलरच्या मागे राहणं भाग होतं. फार अंतर ठेवलं तर दुसरं कोणी घुसणार. जवळ राहिलो तर ते टोक आमच्याच काचेसमोर. किती जवळ राहायचं हे मला ठरवता येईना. डोलकाठी आता घोडीच्या एका पायावर आणि पट्ट्यांवर होती, आणि दर वळणाला ती थोडी थोडी मागे येत होती. पट्टीखालचं रबर गोळा होऊन बाहेर आलेलं मला दिसत होतं. मी आयुष्यभर लोखंडाच्या जवळ राहिलो. भाजलो, कापलो, एकदा शॉक बसून पडलो. पण लोखंडाची अशी भीती मला कधी वाटली नव्हती. मी तोंडाने काहीतरी पुटपुटत होतो. ते देवाचं नाव होतं का दुसरं काही, आता आठवत नाही.

"थांबवा," सुमन म्हणाली.

"काय?"

"हितं थांबवा. हितनं पायवाट हाय, वरच्या वळनाला निगती. आमी दुधाच्या किटल्या घिऊन जायचो. जीप वळसा घालून यील, तवर मी म्होरं जाते."

"वेडी आहेस का? पाऊस, निसरडं... तुझे गुडघे..."

"थांबवा म्हनते ना!"

मी गाडी हळू केली. पुरती थांबायच्या आत तिने दार उघडलं, चपला हातात घेतल्या, पदर खोचला आणि कारवीच्या झुडपांत शिरली. दोन पावलांत ती धुक्यात दिसेनाशी झाली. मी हात लांब करून दार ओढून घेतलं आणि परत ट्रेलर गाठला.

त्यानंतरचा वेळ दोन मिनिटांचा असेल, तीनचा असेल. मला तो अजून संपल्यासारखा वाटत नाही. समोर ते टोक आणि फडकं. मी पुढचं दिसावं म्हणून गाडी जरा उजवीकडे ठेवली होती. डोक्यात एकच विचार. ती पायवाटेने वर निघेल आणि सरळ जीपच्या पुढे येईल. धुक्यात किसनभाऊंना ती दिसेल का? ओल्या रस्त्यावर, चढाला, मागे एवढं ओझं, त्यांचा ब्रेक लागेल का? ब्रेक लागला तर ट्रेलर मागे येईल, नाही लागला तर ती... एका जोडासाठी तवा तापवायला मला किती वेळ लागला असता, याचा हिशेब मी त्या चढावर करत होतो. पाव तास. जास्तीत जास्त पाव तास.

वळण आलं. जीप वळली, ट्रेलर वळला. आणि एकदम लाल दिवे लागले.

मी ब्रेक दाबला. पिकअप ओल्या रस्त्यावर थोडी घसरत पुढेच गेली. ट्रेलर थांबताना हातभर मागे आला. घोडीचा उरलेला पाय मोडला, पट्टी तुटली आणि डोलकाठी सरकत येताना मला अगदी स्वच्छ दिसली. घाईत नव्हती. सरळ आली आणि डाव्या बाजूने काच फोडून आत शिरली. काचेचे तुकडे तोंडावर, मांडीवर. मी डोळे उघडले तेव्हा तिचं टोक शेजारच्या सीटच्या पाठीत रुतलं होतं, माणसाची छाती असते तेवढ्या उंचीवर. टोकाला दोरी ओढायची एक लहान कप्पी असते, ती गरगर फिरत होती. मी ती थांबेपर्यंत तिच्याकडे बघत बसलो.

मग आठवलं, सुमन कुठे आहे? मी दाराची कडी चाचपू लागलो. तेवढ्यात पुढून किसनभाऊंचा आवाज आला, "आगं बाई, मरायचं हाय का तुला? आडवी काय येतीस!"

आणि त्यावर तिचा, त्यांच्यापेक्षा मोठ्याने, "भाऊ, मागं बगा की! मागं बगा आदी!"

तो आवाज ऐकला आणि मी स्टेअरिंगवर डोकं टेकून रडलो. लाज वाटायचं कारण नाही, म्हणून लिहितो.

ती ट्रेलरच्या कडेने खाली आली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलात, एक चप्पल कुठेतरी पडलेली. तिने फुटलेली काच बघितली, मग आपली जागा बघितली. डोलकाठीखाली तिची पिशवी अडकली होती, ती ओढून काढली, झटकली, आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसली.

किसनभाऊंनी चाकांमागे दगड लावले. ती मोटारसायकलवाली मुलं पोचली होती, त्यांनी हात लावला. आम्ही सगळ्यांनी मिळून डोलकाठी उचलून होडीच्या फळीवर सपाट निजवली, खाली सरांची लाइफ जॅकेटं आणि जीपचं जादाचं टायर घातलं आणि माझ्या गेटच्या दोरांनी पाच ठिकाणी बांधली. अशीच सावकाश ती लोणावळ्याला पोचली.

पण त्याआधी सर माझ्याजवळ आले होते. चेहरा पांढरा पडलेला. माझ्या हातावरचं रक्त आपल्या रुमालाने पुसत म्हणाले, "हे रस्ते बघा, नामदेवराव. लोखंड टिकणार कसं? माझ्या होडीपायी तुमच्यावर केवढं संकट आलं. मला माफ करा."

मी मान हलवली. सुमन दगडावरून आमच्याकडे बघत होती. मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

घरी आल्यावर दोन दिवस तिने मला जेवायला वाढलं, पाणी दिलं, पण त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. मी झोपेत दचकून उठायचो, तेव्हा ती जागी असायची. तिसऱ्या दिवशी मोडलेली घोडी पोत्यात घालून मी एसटीने तळेगावला गेलो. सरांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तो तुटलेला जोड ठेवला.

"सर, खड्ड्याने नाही मोडलं. रॉड ओले होते. मला ठाऊक होतं."

सरांनी भिंग आणलं. जोडाच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं होती, ती त्यांनी बराच वेळ बघितली. बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं.

"म्हणून मागे येत होतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे डोलकाठी पडेल हे तुम्हाला माहीत होतं. आम्हाला थांबवून सांगायची लाज वाटली, पण बायकोला शेजारी बसवून ट्रेलरच्या मागे यायला वाटली नाही."

मग चहा आला, तो आम्ही प्यायलो. ते आणखी चार वर्षं होडी चालवत होते, घोडीही माझ्याकडूनच करून घेतली, पण जोड घासून रंग मारायच्या आधी मी त्यांना बोलावायचो आणि ते येऊन भिंगाने बघायचे. त्यांना अपमान करायचा नव्हता आणि मलाही तो वाटला नाही. पण त्या दिवशी ते टेबलावरचं वाक्य घेऊनच मी परतीच्या एसटीत बसलो.

घरी पोचलो तेव्हा सुमन पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. मी तिला नेऊन कुठे बसवलं होतं, तेही. तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"व्हय, खरं हाय त्यांचं," ती म्हणाली. मग सुपातून मान वर न करता, "आन मी बसले नसते, तर उतरलं कोन असतं?"